पट्टा सैल नव्हता

घोरण्याची मला कधी लाज वाटली नव्हती. आमच्याकडे घोरणारा माणूस सुखाचा समजतात. गोंदियाला शिक्षकांचं निवासी प्रशिक्षण होतं, तेव्हा हॉलमधल्या सोबत्यांनी मला गादीसकट उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं. सकाळी मी तिथे उठलो आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. घरी आल्यावर बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही.

"घोरता त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मधातच बंद पडता, त्याचं भेव वाटते."

"बंद पडतो म्हणजे?"

"श्वासच नाही घेत. मी हालवलं का मंग घेता."

मी तिलाच वेड्यात काढलं. झोपेत माणूस श्वास घेतच असतो, नाहीतर सकाळी उठला कसा असता, असं तिला विज्ञानाच्या गुरुजीसारखं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि रात्री हालवायचं काही सोडलं नाही.

आम्ही आमगावला राहत होतो. माझी जिल्हा परिषदेची शाळा देवरी रोडवरून आत एका गावात होती, आणि बायको त्याच रस्त्यावरच्या अलीकडच्या गावात अंगणवाडी सेविका होती. रोज सकाळी दोघं एकाच मोटारसायकलवर निघायचो. तिला अंगणवाडीपाशी उतरवून मी पुढे जायचो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना धानाची बांधी, आणि मला हँडलवर हात ठेवून झोप लागायची. हे खोटं वाटेल, पण डोळे उघडे ठेवून माणूस झोपू शकतो. एका सकाळी चाक डांबर सोडून मुरमात गेलं तेव्हा तिनं पाठीत असा गुद्दा घातला की आजही आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून ती मला वाटेत पाढे विचारू लागली. "सतरा नवे?" "एकशे त्रेपन्न." "तेवीस साते?" "एकशे एकसष्ट." चुकलं तर समजायचं की गुरुजी पेंगून राहिले. बावीस वर्षं मुलांचे पाढे पाठ करून घेणारा मी रोज सकाळी बायकोला पाढे म्हणून दाखवत होतो, आणि त्यावरच आमचे दोघांचे जीव शाबूत होते. वर्गातही खुर्चीवर डोळा लागायचा. मुलं गुणी होती, आवाज न करता बसून राहायची. ती शिस्त माझी आहे असं मी इतरांना सांगायचो.

शेवटी तिनंच हट्ट धरला. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला धाडलं. तिथल्या दवाखान्यात एक रात्र डोक्याला, छातीला वायरी लावून झोपवलं, आणि सकाळी मॅडमनी कागद पुढे ठेवला. मॅडम म्हणजे झोपेच्या आजाराच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की झोपेत माझा घसा आतून चिपकतो, हवा जात नाही, मेंदू घाबरून मला अर्धवट जागं करतो, आणि असं रात्रभर चालतं. म्हणून दिवसा झोप. इलाज म्हणजे एक मशीन, ते मास्कमधून हलक्या दाबानं हवा आत सोडत राहतं आणि घसा उघडा ठेवतं. "सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चिपकत नाही, तसं," त्या म्हणाल्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती इतके दिवस बरोबर होती.

मग मॅडमनी बॅटरी घेऊन माझ्या तोंडात पाहिलं.

"खर्रा?"

"सोडला," मी म्हणालो. "वर्ष झालं."

"विहारात सगळ्यायसमोर सोडला, मॅडम," बायको म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

इथे मला थांबून खर्र्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या भागात सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पानठेल्यावर घोटघोट घोटतात, तो खर्रा. गालात धरायचा आणि अधूनमधून थुंकायचं. मला त्याची सवय गोंदियाला डी.एड.च्या होस्टेलवर लागली. पुढे तर एक चिमूट डाव्या गालात असल्याशिवाय झोपच येईना. आदल्या वर्षी वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात उपासक काही ना काही सोडायचा संकल्प करत होते. रविवारची वंदना मीच घेत असे, पंचशील मीच सर्वांकडून म्हणवून घेत असे. नशा न करण्याच्या पाचव्या शीलात खर्रा बसतो की नाही यावर आमच्यात पूर्वी वाद झाले होते आणि नाही बसत म्हणणाऱ्यांचा म्होरक्या मीच होतो. तरी त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, उभा राहिलो आणि सर्वांसमोर खर्रा सोडला म्हणालो. बायको महिलांच्या रांगेत बसली होती. तिनं डोळे पुसले.

अकरा दिवस सोडला. बाराव्या दिवशी शाळेच्या गावापासून दोन गावं पुढच्या ठेल्यावर गेलो, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं. शाळेच्या भिंतीवर तंबाखूबंदीचा पिवळा फलक मीच रंगवून घेतला होता. त्याच्यासमोरून खिशात पुडी घेऊन मी रोज जायचो.

तर मॅडमसमोर मी सोडला म्हणालो आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मग बाजूच्या खोलीत मशीन लावून देणाऱ्या माणसाकडे पाठवलं. चाळिशीचा, चष्म्यावाला, हिंदी-मराठी मिसळून बोलणारा माणूस. त्यानं टेबलावर दोन मास्क ठेवले. एक लहान, फक्त नाकावर बसणारा. दुसरा मोठा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. बायकोला मोठा बरा वाटला, जास्त झाकतो तर जास्त गुण देत असेल. तेवढ्यात मॅडम आत आल्या आणि त्यांनी लहान उचलला.

"मोठ्यानं जास्त फायदा होतो असं नाही," त्या म्हणाल्या. "नाकाच्या मास्कमध्ये कमी दाबात काम भागतं. मोठा मास्क जबड्याला मागे रेटतो, कडांनी हवा सुटते, मग दाब वाढवावा लागतो, आणि पेशंट कंटाळून काढून टाकतो. ज्यांचं नाक चालत नाही किंवा तोंड उघडंच राहतं, त्यांना मी मोठा देते. तुमचं नाक चांगलं आहे. फक्त तोंड बंद राहू द्या."

दाब नऊवर ठेवला. चष्म्यावाल्यानं बायकोला पट्टे बांधायला शिकवलं. दोन वरचे, दोन खालचे, आधी वरचे लावायचे, पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. तिनं ते अंगणवाडीतल्या प्रशिक्षणासारखं मन लावून शिकून घेतलं. मला कोणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. बांधून घेणं हे माझं काम होतं.

घरी मशीनला जागा झाली. विहारातल्या दोघा-तिघांनी येऊन पाहून घेतलं. जेवण झालं की बायको हात धुऊन, पदराला पुसून मास्क बांधायची, दोन बोटं घालून बघायची, मशीनची कळ दाबायची आणि "झोपा आता" म्हणून दिवा बंद करायची. मशीनसोबत हवा गाळायच्या जाळ्यांची एक लहान प्लास्टिकची डबी आली होती. तिच्यात धूळ जाऊ नये म्हणून उगाच उघडायची नाही, असं त्या माणसानं सांगितलं होतं. बायकोनं ती कधीच उघडली नाही. म्हणून मी खर्रा त्या डबीत ठेवू लागलो.

ती कूस बदलून झोपली की मी डबीतली चिमूट गालात टाकायचो. नाकातून दाबानं हवा येत असताना तोंड जरा उघडलं की ती तोंडावाटे फुस्स करून बाहेर पडते. मास्क न काढता, नळीसकट खिडकीकडे वळून, पालथ्या हातानं पल्ला ढकलून मी बाहेर थुंकायचो. पंचशील म्हणवून घेणारा माणूस. पुढे खर्रा गालात असतानाच डोळा लागायचा, जबडा लोंबायचा, आणि हवा घशात न जाता तोंडातून वाहून जायची. घसा पुन्हा चिपकायचा. तासा-दोन तासांनी कोरड्याठाक तोंडानं मी उठायचो आणि मास्क काढून फेकायचो.

यात माझं अज्ञान असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. त्या ठेलेवाल्याच्या मुलीचं लग्न होतं, तीन दिवस ठेला बंद होता. दुसरीकडे कुठे जायची हिंमत झाली नाही. ते तीन दिवस मी तोंड बंद ठेवून नाकाच्या त्या लहानशा मास्कवर झोपलो आणि सकाळी असा उठलो की मला माझं अंग ओळखू येईना. रस्त्यावर बायकोनं पाढा विचारला तर मी तिला उलट छत्तीसचा विचारला. ती हसत सुटली. "लागू पडली मशीन," ती म्हणाली. चौथ्या दिवशी ठेला उघडला. मास्क बरोबर आहे, मशीन बरोबर आहे, दाब बरोबर आहे, हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

महिनाभरानं नागपूरला तपासणी होती. मशीनमध्ये एक कार्ड असतं, त्यात रात्रीचा सगळा प्रकार नोंदला जातो. चष्म्यावाल्यानं ते काढून कॉम्प्युटरला लावलं आणि मान हलवली.

"बहुत लीक है. हवा बाहेर जाऊन राहिली सगळी. मधले तीन दिवस बघा किती छान आहेत. बाकी दिवस पट्टे ढिले राहतात तुमचे. कोण बांधते?"

"मी," बायको म्हणाली. ती बाकावरून उठून उभी राहिली. "माफ करा दादा. माझ्याच हातानं सैल राहून जात असंल. दिवसभर लेकरायचं करून हात दुखते, ध्यान राहत नसंल."

"ध्यान ठेवावं लागेल ताई. इनकी जान का सवाल है."

"हो दादा. चूक झाली."

खोलीत आणखी दोन पेशंट बसले होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. तिनं त्याला पुन्हा शिकवायला सांगितलं आणि त्यानं माझ्या डोक्यावर तिच्याकडून तीनदा मास्क बांधून घेतला. तिन्ही वेळा तिनं दोन बोटं घालून पाहिलं. तिन्ही वेळा पट्टा बरोबर होता. तोंड उघडायला मला मास्कची अडचण नव्हती, तो नाकावरच होता. मी पुन्हा कॅलेंडरकडे वळलो.

मला वाटलं, आजच्यापुरतं निभावलं. खरं तर पुढचं सगळं त्या दिवशी सुरू झालं.

ती पट्टे घट्ट बांधू लागली. दोन बोटांऐवजी एक बोट. नाकाच्या हाडावर लाल चट्टा पडला, मग जखम झाली. तिला वाईट वाटून ती तिथे खोबरेल तेल लावू लागली. तेलानं मास्कची मऊ कड निसटायला लागली आणि आता खरंच कडेनं हवा सुटू लागली. तिला ते ऐकू यायचं. ती उठून पट्टा आवळायची. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो, गालात खर्रा. सकाळी ती तांबारलेल्या डोळ्यांनी चहा ठेवायची आणि म्हणायची, "कालबी जमलं नाही मले."

दुसऱ्या तपासणीला मॅडम म्हणाल्या, "नाकाचा मास्क तुम्हाला जमायला हवा होता. नाक चोंदतं का?"

हा मला दिलेला दरवाजा होता. मी चुकीच्या दरवाज्यानं बाहेर पडलो. "हो," मी म्हणालो, "चोंदते." नाकाचं निमित्त झालं तर बायकोचीही सुटका होईल आणि माझीही, असा माझा शहाणपणा. मॅडमनी नाइलाजानं मोठा मास्क दिला. त्यावर दाब तेरापर्यंत वाढवावा लागला.

मोठ्या मास्कविषयी मॅडम म्हणाल्या होत्या ते सगळं झालं. तो जबडा मागे दाबायचा. कडेची हवा डोळ्यांवर यायची आणि डोळे लाल व्हायचे. पोटात हवा जाऊन सकाळी पोट डफासारखं वाजायचं. लोडशेडिंगमध्ये मशीन बंद पडलं की नाकतोंड दोन्ही झाकलेलं असल्यानं जीव घाबरायचा. काही लोकांना तो मास्कच तारतो, हे मी दवाखान्यात पाहिलं आहे. मला त्याची गरज नव्हती, एवढंच. आणि खर्रा? आता तोंड झाकलेलं. तर मी खालची कड उचलून चिमूट आत सारायचो. एकदा तसाच डोळा लागला आणि मास्कच्या आत तांबडा ओघळ आला. तांबडं फुटायच्या आत उठून मी मास्क घासून धुतला. बायकोनं पाहिलं आणि शेजारच्या वहिनींना कौतुकानं सांगितलं, "आता स्वतःच्या हातानं धुऊन राहिले." त्या दिवशी मला तिच्याकडे पाहवेना. तरी डबी भरलेलीच होती.

मोठ्या मास्कवर मी दोन-तीन तासांपलीकडे टिकत नव्हतो. गुंगी पहिल्यापेक्षा वाढली. बायकोनं पाढे तिसापर्यंत नेले.

मग एक सकाळ अशी आली की तिचा घसा बसला होता. तिला धड बोलता येत नव्हतं, म्हणून पाढे नव्हते. तिनं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मधून मधून दाबत होती. मला एवढंच आठवतं की खांद्यावरचा तो दाब मला छान वाटला. नंतर एकदम चिखलाचा वास आला. मोटारसायकल बांधीत उतरली होती, मी पाण्यात बसलो होतो आणि ती धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, पडली होती. तिचा उजवा हात मनगटातून भलतीकडे वळलेला होता.

बांधीत काम करणारी माणसं धावत आली. त्यांतला एक म्हातारा मला ओळखत होता, त्याची नात माझ्या वर्गात होती. तो माझ्याकडे नीट पाहत म्हणाला, "गुरुजी, डोळा लागला का जी?"

मी काही बोलायच्या आत बायको बोलली. आवाज बसलेला, तरी तिनं जोर लावून म्हटलं, "कुत्रं आडवं आलं."

तिला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुखण्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती त्या म्हाताऱ्याला कुत्र्याचा रंग सांगत होती. माझी अब्रू झाकत होती. मला खरचटलंदेखील नव्हतं.

तिच्या हाताला प्लास्टर झालं. पंधरा दिवसांनी माझी नागपूरची तारीख होती, आणि ती तशीच सोबत आली. मॅडमनी कार्ड पाहिलं, तिचा हात पाहिला, काय झालं विचारलं. तिनं कुत्र्याचं सांगितलं. मग स्वतःहून म्हणाली, "मॅडम, आता काही दिवस लीक येईल. एका हातानं बांधणं होत नाही मले. तुमी रागावू नका."

होणाऱ्या चुकीचीही माफी ती आधीच मागून ठेवत होती. आम्ही बाहेर आलो, दोन पायऱ्या उतरलो, आणि मी "कागद राहिला" म्हणून परत फिरलो. हेही खोटंच. मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून मी सगळं सांगितलं, डबी, खिडकी, तीन दिवस, चोंदलेलं नाक, रस्ता. बसायचंही सुचलं नाही.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तोंड उघडा." मी उघडलं. "आणखी." खर्र्यानं गाल आतून आखडले होते, त्याहून जास्त उघडत नव्हतं. दोन बोटांएवढंच. त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "नाकाचाच मास्क परत लावा. दाब नऊ. तुम्हाला तोच बरोबर होता. आणि हे मला कशाला सांगताय? मला काय झालं? बाहेर उभ्या आहेत त्यांना सांगा."

मी तिला गाडीत सांगितलं. दुपारची गाडी होती, गर्दी नव्हती, ती खिडकीशी बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर. मी आधी खर्र्याचं सांगितलं, मग डबीचं, मग राहिलेलं सगळं. बोलताना मी समोरच्या बाकाकडे पाहत होतो. गोंदियाला गाडी बदलली तेव्हा ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली, तोंड बाहेर वळवून. मला वाटलं, विहारातल्या संकल्पाचं तिला लागलं असेल. म्हणून मी म्हणालो, "येत्या रविवारी सर्वांसमोर कबूल करतो. खर्रा सुटला नाही म्हणून सांगतो."

"खर्र्याचं काही नाही," ती म्हणाली. आमगावच्या फलाटावर आम्ही उतरलो होतो. "खर्रा अर्धं गाव खाते. मी त्या माणसाले माफी मागून राहिली होती, अन् तुमी बसून ऐकून राहिले होते. कायले ऐकलं?"

तिनं डाव्या हातात पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली. पिशवी मी मागितली, तिनं दिली नाही.

त्या रात्री मी स्वतः मास्क बांधला. मला येत नव्हता. वरचे आधी की खालचे आधी, हेही आठवेना. ती पलीकडे जागी होती हे मला कळत होतं. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आरशासमोर उभा राहून आठवडाभरात जमला. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण बांधायला ती परत कधी आली नाही. रविवारी मी विहारात कबूल केलं. लोक मोठ्या मनाचे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती आली नव्हती. खर्रा पुढे सुटला, तोही माझ्या शौर्यानं नाही. तोंड उघडेना, घास जाईना, दातांच्या डॉक्टरांनी काय होऊ शकतं ते स्पष्ट शब्दांत सांगितलं, तेव्हा सुटला.

आणि मशीन लागू पडलं. नाकाचा मास्क, दाब नऊ, तोंड बंद. रात्रभर झोप, दिवसभर शुद्ध. रस्त्यावर पाढ्यांची गरज उरली नाही. आता ती मागे बसते आणि आम्ही मुकाट्यानं जातो.

सहा महिन्यांनी नागपूरला गेलो तर तोच चष्म्यावाला होता. कार्ड लावलं आणि त्याचा चेहरा खुलला. "क्या बात है! लीक झीरोच्या जवळ. रोजचे सात तास." मग तो बायकोकडे वळला. "ताई, आता एकदम परफेक्ट बांधता तुम्ही. शिकलात."

"मी नाही बांधत," ती म्हणाली. "तेच बांधतात."

मी उठून उभा राहिलो. या वेळी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. खोलीत तीन पेशंट होते, त्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "साहेब, मागे इथे यांनी तुमची माफी मागितली होती. लीकसाठी. चूक त्यांची नव्हती. मी तोंडात खर्रा ठेवून झोपत होतो आणि तुमच्यासमोर गप्प बसलो होतो. ती माफी माझी होती. मी मागतो."

पेशंट माझ्याकडे पाहू लागले. चष्म्यावाला गोंधळून कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे पाहत होता. मग ओशाळून हसला.

"माफी? कधी? मला तर काही आठवत नाही सर. रोज इतके लोक येतात. जाऊ द्या ना."

मी तसाच उभा राहिलो. बायकोनं टेबलावरचा मास्क उचलून पिशवीत ठेवला, नळी गुंडाळून ठेवली, चेन लावली.

"त्यायले नसंल आठवत," ती मला म्हणाली. "मले आठवते."